इम्युनोथेरपीचे पैसे भरण्याआधी: आहुप्यात बसून संशोधकाचं काम तपासायला किती खर्च येतो?

घरात कर्करोगाचं निदान झालं की आठवडा-पंधरवड्यात 'इम्युनोथेरपी' हा शब्द कानावर येतोच. कुणी पुण्याच्या पाहुण्याकडून ऐकलेलं असतं, कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. एखाद्या खासगी दवाखान्यात फाइलसोबत गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक हातात पडतं आणि त्यावर छापलेलं असतं, 'आमच्या तज्ज्ञांचे शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय शोधनिबंध'. खाली उपचाराचा आकडा लाखांत. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, आहुप्यासारख्या गावात, हातात एकरकमी पैसा येतो तो मुख्यतः हिरड्याच्या हंगामात. तिथे असा आकडा ऐकला की पहिला विचार जमीन गहाण टाकण्याचा येतो.

त्या शंभर निबंधांत नेमकं काय आहे, हे जमिनीचा कागद काढण्याआधी बघता येतं. बघायला खर्च जवळपास काहीच नाही. तरी फार थोडी कुटुंबं बघतात, कारण हे काम आपल्या आवाक्यातलं आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

यादी बघायला: शून्य रुपये

जगभरच्या वैद्यकीय शोधनिबंधांची सगळ्यात मोठी खुली यादी म्हणजे 'पबमेड'. अमेरिकन सरकारच्या वैद्यकीय ग्रंथालयाची ही सेवा 1997 पासून सगळ्यांना मोफत आहे. नाव नोंदवावं लागत नाही, पासवर्ड लागत नाही. गुगलवर पबमेड शोधा, उघडलेल्या पानावर संशोधकाचं आडनाव आणि पुढे आद्याक्षरं इंग्रजीत टाका, की निबंधांची यादी समोर येते. प्रत्येक शीर्षकावर बोट ठेवलं की बहुतेक वेळा पाव-अर्ध्या पानाचा गोषवारा उघडतो. सगळा नुसता मजकूर असल्याने डेटा अगदी थोडा लागतो. गावात रेंज धड मिळत नसेल तर घोडेगावला कामाला गेल्यावर हे करून घ्यावं.

अडचण इंग्रजीची आहे आणि ती खरी आहे. पण गोषवाऱ्यातलं प्रत्येक वाक्य समजायची गरज नसते. आश्रमशाळेतले शिक्षक किंवा मंचरला विज्ञान शाखेत शिकणारी गावातली मुलगी यांना एवढंच विचारा: अभ्यास कशावर झाला? काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांवर, की माणसांवर? माणसांवर असेल तर किती जणांवर? आणि तुलना कशाशी केली?

एक सावधगिरी. आपल्याकडे पाटील, शिंदे, कुलकर्णी ही आडनावं शेकड्यांनी आहेत. 'पाटील व्ही' एवढंच टाकलं तर दहा वेगवेगळ्या माणसांचं काम एकाच्या नावावर दिसेल, आणि 'शंभर निबंधां'चा दावा करणाऱ्याचं आयतंच फावेल. संस्थेचं नाव जोडून शोधा. संशोधकाचा 'ऑर्किड' नावाचा सोळा आकडी क्रमांक मिळाला तर उत्तम. तो एका माणसाला एकच असतो आणि बघायला पैसे पडत नाहीत. स्त्री संशोधकांच्या बाबतीत उलटंही घडतं: लग्नाआधीचं काम एका आडनावावर, नंतरचं दुसऱ्यावर, आणि यादी उगाच छोटी दिसते.

खरी यादी कशी दिसते

नमुना म्हणून डॉ. शुभदा चिपळूणकर यांचं काम घेऊ. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं 'ॲक्ट्रेक' हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. तिथे त्यांनी रोगप्रतिकारशास्त्राची प्रयोगशाळा चालवली आणि पुढे त्या केंद्राच्या संचालकही झाल्या. पबमेडवर त्यांचं नाव टाकलं की एक धागा वर्षानुवर्षं चालत आलेला दिसतो: गॅमा-डेल्टा टी पेशी. रक्तातल्या टी पेशींमध्ये त्यांचं प्रमाण अगदी थोडं, पण गाठीच्या पेशी ओळखून त्यांना मारण्याची ताकद त्यांच्यात असते.

1999 चा एक निबंध 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मधला. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर असलेलं एक विशिष्ट प्रथिन, हीट शॉक प्रोटीन 60, या गॅमा-डेल्टा पेशी ओळखतात, असं त्यात दाखवलं आहे. तंबाखू आणि मिश्रीने ज्या भागात घरटी तोंडं पोळली आहेत, तिथल्या वाचकाला हे वाचून आशा वाटणं स्वाभाविक आहे. पुढच्याच वर्षी अन्ननलिकेच्या गाठींवर तसंच काम आलं. कुणा दुकानदाराने इथवरचीच पानं दाखवली तर तो म्हणेल, 'बघा, टाटाच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, या पेशी वाढवा की कर्करोग गेला.'

आता त्याच यादीतला 2016 चा निबंध उघडा. नियतकालिक तेच, आजार पित्ताशयाचा कर्करोग. इथे याच गॅमा-डेल्टा पेशींचा एक प्रकार गाठीला मदत करताना सापडला. या पेशी आयएल-17 नावाचं रसायन सोडतात, त्यामुळे गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या फुटतात. ज्या रुग्णांमध्ये अशा पेशी जास्त, ते कमी जगले. म्हणजे नाव एकच, पण एका ठिकाणी राखणदार आणि दुसऱ्या ठिकाणी घरभेदी. कुठल्या अवयवातली गाठ आणि पेशीचा कुठला प्रकार, यावर सगळं अवलंबून.

एवढी एक गोष्ट पटली तरी पुष्कळ पैसा वाचेल. 'इम्युनिटी वाढवणारं' इंजेक्शन, कॅप्सूल किंवा 'पेशी काढून वाढवून परत देण्याचं' पॅकेज कुणी विकत असेल तर विचारा, कुठली प्रतिकारशक्ती, कुठल्या पेशी आणि कुठल्या कर्करोगासाठी? संशोधिका आपल्याच आधीच्या आशादायक निष्कर्षाच्या शेजारी त्याची दुसरी बाजू ठेवते, तेव्हा तिच्या यादीवर माझा विश्वास बसतो. सगळे निबंध एकाच औषधाची स्तुती करणारे असतील तर मी थांबतो.

त्या 2016 च्या निबंधावरची नावंही पाहण्यासारखी आहेत. पहिलं नाव आर. एस. पाटील, अशा निबंधांत पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं, पुष्कळदा पीएचडीच्या विद्यार्थ्याचं असतं. मध्ये श्रीखंडे आणि गोयल हे टाटाचे पोटाच्या कर्करोगाचे शल्यविशारद, दीक्षित हे रोगप्रसाराचे अभ्यासक. शेवटचं नाव चिपळूणकर, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. गाठ काढणारा, मोजणारा आणि पेशी बघणारा असे तिघं एका कागदावर आलेत. माहितीपत्रकातल्या डॉक्टरांची नावं मात्र नेहमी मधेच कुठेतरी, वीस जणांच्या घोळक्यात सापडत असतील, तर 'शंभर निबंध' या आकड्याचं वजन त्या मानाने कमी धरा.

पूर्ण निबंध हवा असेल तर

गोषवारा फुकट असतो, पूर्ण निबंध प्रत्येक वेळी असतोच असं नाही. प्रकाशकाच्या पानावर 'विकत घ्या' असं दिसलं तर एका निबंधाला साधारण 30 ते 50 डॉलर, म्हणजे अडीच ते साडेचार हजार रुपये मागतात. हे पैसे भरू नका. बाकीचे रस्ते आधी बघा.

पबमेडच्या उजव्या बाजूला 'पीएमसी'चं बटण दिसलं तर संपूर्ण निबंध तिथेच मोफत वाचता येतो. आयसीएमआरचं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' सगळ्यांना खुलं आहे. गॅमा-डेल्टा पेशींचा उपचारासाठी कितपत उपयोग होईल, याचा आढावा घेणारा गोगोई आणि चिपळूणकर यांचा 2013 चा लेख तिथेच आहे. सुरुवात करायला आढावा-लेखच बरा, कारण त्यात एका प्रयोगाऐवजी अनेकांचा हिशेब एकत्र मांडलेला असतो.

तिसरा रस्ता नवा आहे. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी 2025 पासून सुरू झाली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी तिच्यावर 6,000 कोटी रुपये मंजूर आहेत, आणि तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधन संस्थांतून वाचता येतात. म्हणजे गावातला कुणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात किंवा बी. जे. मेडिकलला शिकत असेल, तर हजारो रुपयांचा निबंध तो आपल्या अभ्यासासाठी उघडून तुम्हाला समजावून सांगू शकतो. आपल्याच करातून हे पैसे गेले आहेत, तेव्हा विचारायला संकोच नको.

आणि सगळ्यात साधा उपाय म्हणजे लेखकाला ईमेल. निबंधावर पत्रव्यवहारासाठी पत्ता छापलेला असतो. 'रुग्णाचे नातेवाईक आहोत, निबंधाची प्रत मिळेल का' असं दोन ओळींत लिहिलं तर पुष्कळ संशोधक प्रत पाठवतात. निबंध लिहिण्याचे त्यांना पैसे मिळत नाहीत. तो कुणीतरी वाचावा एवढीच त्यांची अपेक्षा असते. सायबर कॅफेत छापून घेतलात तर पानामागे जे काही रुपये लागतील तेवढाच खर्च.

उलट, छापून आणायला लेखकालाच पैसे मोजावे लागतात असाही एक व्यवहार आहे. 'नेचर'सारखं नामांकित नियतकालिक निबंध सर्वांना खुला ठेवायचा तर 2021 पासून 9,500 युरो आकारू लागलं. ते महाग आहे, पण तिथे तपासणी कडक असते. खरा धोका खालच्या टोकाला आहे: दोन-चार हजार रुपये भरा, आठवड्यात छापून देतो, असं सांगणारी नियतकालिकं. पुण्यातल्याच अभ्यासकांनी, डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीची छाननी करून 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले. विद्यापीठांनी सुचवलेल्या 1,009 नियतकालिकांपैकी जेमतेम 112 निकषांवर उतरली. म्हणून 'आंतरराष्ट्रीय' हे विशेषण ऐकून दबू नका. निबंध पबमेडवर सापडतो का ते बघा, आणि त्यावर लाल अक्षरांत 'मागे घेतला' अशी सूचना नाही ना, तेही बघा.

कागदावरून बिलाकडे

आता एक असा निबंध, ज्याने खर्चाचाच प्रश्न हातात घेतला. टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी'मध्ये 2023 साली प्रसिद्ध झाला. डोकं-मान भागातला कर्करोग, आजार पुढे गेलेला, बरा होण्याची आशा मावळलेली, असे 151 रुग्ण. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, अर्लोटिनिब. दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि शिवाय निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध, पण दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम. वर्षभरानंतर पहिल्या गटात 16.3 टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात 43.4 टक्के.

नेहमीचा डोस असतो दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम. सहा आठवड्यांचा हिशेब मांडा: एकीकडे 720 मिलिग्रॅम, दुसरीकडे 40. अठरावा हिस्सा. कंपनीचा भाव काहीही असो, हे प्रमाण बदलत नाही.

दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्या. या अभ्यासात 20 मिलिग्रॅमची तुलना 240 शी केलेली नाही. फक्त गोळ्यांशी केली आहे. त्यामुळे 'कमी डोस पूर्ण डोसइतकाच गुणकारी' हे यातून सिद्ध होत नाही. पूर्ण डोसची इम्युनोथेरपी परवडत नसेल तेव्हा कमी डोसची वाट उघडी आहे, इतकं होतं. आणि अभ्यास डोकं-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगाचा आहे. स्तन किंवा पोटाच्या कर्करोगाला हाच आकडा लावता येत नाही.

दुसरी गोष्ट बिलाची. निवोलुमॅबची लहान बाटली 40 मिलिग्रॅमची येते. तुमचा डोस 20 चा आणि त्या दिवशी तुम्ही एकटेच असाल तर उरलेलं अर्धं औषध वाया जातं, पैसे मात्र पूर्ण बाटलीचे. म्हणून मोठ्या केंद्रात एकाच दिवशी दोन रुग्णांना बोलावून बाटली वाटून देतात. 'वायल शेअरिंग होतं का आणि कुठल्या वारी', हे फोनवरच विचारून घ्या. शिवाय या औषधाच्या भारतातल्या पेटंटची मुदत 2 मे 2026 पर्यंतची, त्यामुळे भारतीय कंपनीच्या बायोसिमिलरचा, म्हणजे जवळजवळ तशाच बनवलेल्या औषधाचा भावही आवर्जून मागा. औषधांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, काही जीवरक्षक औषधांवर तर शून्य. बिलावर 12 टक्के दिसले तर तिथेच थांबवा.

कार-टी हा याहून मोठ्या आकड्यांचा उपचार. रुग्णाच्याच टी पेशी काढून त्यांची जनुकीय रचना बदलून परत देतात. आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेतून निघालेली आणि टाटा मेमोरियलमध्ये रुग्णांवर तपासलेली नेक्सकार-19 ही भारतातली पहिली अशी उपचारपद्धती. तिला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत अशा उपचाराला तीन-चार कोटी रुपये पडतात, इथे सुमारे 30 ते 40 लाख. 'लॅन्सेट हेमॅटॉलॉजी'मध्ये 2025 साली आलेल्या निबंधात 73 टक्के रुग्णांच्या आजाराने प्रतिसाद दिला. पण हा उपचार बी पेशींच्या रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे. तोंडाच्या किंवा पित्ताशयाच्या गाठीला कुणी 'कार-टी' या नावाने पैसे मागत असेल तर त्या गाठीवरचा निबंध मागा. नसेल तर उठून या.

योजना आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि ते सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे. शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन यांची पॅकेजेस त्यात आहेत. महागड्या इम्युनोथेरपीचं तसं नाही; तुम्हाला सांगितलेल्या औषधाचं नाव पॅकेजमध्ये आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा 155388 वर फोन करा. रेशनकार्ड आणि आधारवरच्या नावांत एका अक्षराचा फरक असला तरी काम अडतं. ती दुरुस्ती घोडेगावला तहसील कचेरीत निदानाच्या आठवड्यातच करून घ्या, भरती होण्याची वाट पाहू नका. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही घोडेगावातच आहे. वैद्यकीय मदतीची कुठली योजना चालू आहे, हे त्याच फेरीत विचारून या.

रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना सेकंड क्लास आणि एसी चेअरकारला 75 टक्के सवलत मिळते, सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. स्लीपर आणि थ्री टिअर एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ होतं आणि सोबत्याला 75 टक्के. त्यासाठी रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला लागतो. पहिल्याच भेटीत मागून ठेवा, म्हणजे पुणे-मुंबईच्या पुढच्या खेपा स्वस्तात होतील. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

जाताना गाठीच्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड पहिल्या रुग्णालयातून मागून सोबत घ्या. ते तुमचे आहेत. ते नसतील तर पुन्हा तुकडा काढण्याचा खर्च आणि रुग्णाला पुन्हा सुई.

जंगलातलं झाड आणि चाचणीतली जागा

सह्याद्रीच्या या रानात नरक्या नावाचं झाड आहे. त्यात कॅम्टोथेसिन हे द्रव्य सापडतं, आणि त्यापासून घडवलेली इरिनोटेकन, टोपोटेकन ही औषधं आज कर्करोगात वापरतात. हे खरं आहे. म्हणून कुणी सालीचा काढा देऊ केला तर तो घेऊ नका. शुद्ध कॅम्टोथेसिन माणसांना देऊन पाहिलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जाण्यासारखे त्रास इतके झाले की सत्तरच्या दशकात त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याच्या रेणूत बदल करून, मात्रा बांधून औषध व्हायला पुढे वीसेक वर्षं गेली. काढ्यात मात्रा किती आली हे सांगणारा कुणी नाही. साल ओरबाडून झाडंही जातात.

नवं औषध परवडत नाही, पण त्याची चाचणी चालू आहे, असंही होऊ शकतं. भारतातली प्रत्येक वैद्यकीय चाचणी 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री'वर नोंदवावी लागते. ही नोंदवही 2007 पासून मोफत उघडी आहे. आजाराचं नाव आणि 'महाराष्ट्र' टाकून शोधता येतं. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही आहे. 'चाचणीत घेतो, पण दोन लाख भरा' असं कुणी म्हणालं तर नोंदणी क्रमांक मागा आणि रजिस्ट्रीवर तो जुळवून बघा.

संमतीपत्र मराठीत मागा, सहीपूर्वी घरी घेऊन या, वाचून दाखवा. त्यात नीतिमत्ता समितीचा फोन छापलेला असतो. शंका असेल तर डॉक्टरांना न सांगताही त्या नंबरवर बोलता येतं. सही केल्यावर एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे, आणि कुठल्याही टप्प्यावर चाचणी सोडली तरी नेहमीचे उपचार कुणी बंद करू शकत नाही.